पूर्वसूचना न देता

नोटीस आली तेव्हा मी खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटत होते, त्यामुळे पोस्टमनला दारात जरा थांबावं लागलं. हात पुसून सही केली, पाकीट फोडलं आणि पहिलं वाक्य वाचायला घेतलं. ते संपेचना. 'उपरोक्त विषयास अनुसरून' इथे सुरू झालेलं वाक्य पान उलटल्यावर कुठेतरी थांबलं, आणि तेवढ्यात मला फक्त आमच्या ह्यांचं नाव ओळखता आलं. मी मराठी विषय घेऊन बी.ए. झालेली बाई आहे. माहेर दुधनीचं, घरात सगळे कन्नड बोलणारे, तरी शाळेत मराठीत माझाच पहिला नंबर असायचा. त्या दिवशी मात्र आपण नेमकी कुठली भाषा शिकलो, असा प्रश्न पडला. शेवटच्या ओळीतलं एवढंच स्वच्छ कळलं, की खुलासा पटला नाही तर नोंदणी निलंबित किंवा रद्द होईल. मी चटणी तशीच सोडून वर गेले.

नोंदणी म्हणजे केबलची. सोलापुरात आमच्या भागात केबलची लाईन आमची आहे. घराच्या वरच्या खोलीत यंत्रांचं कपाट आहे, त्या खोलीला आम्ही कंट्रोल रूम म्हणतो, आणि तिथेच गहूज्वारीची पोतीही असतात. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, केबलवाला नवरा म्हणजे दिवसभर सिनेमे. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला आला फोन. 'वहिनी, चित्र हलतंय', 'वहिनी, सातारचा जावई आलाय, क्रिकेटचं चॅनेल लावा की', असे फोन घेण्यात माझी निम्मी हयात गेली. हे खांबावर आणि मी फोनवर, असा आमचा संसार. आता गिऱ्हाईक कमी झालंय. पोरं मोबाईलवर बघतात, मोठ्या कंपन्यांनी निम्मी घरं नेली. जे उरलंय ते त्या नोंदणीवर उभं आहे, आणि ह्यांना दुसरं काही येत नाही. भाजी आणायला पाठवलं तर तोंडली सांगितल्यावर परवर आणणारा माणूस आहे हा.

वर जाऊन मी कागद ह्यांच्या पुढ्यात टाकला. ह्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं आणि म्हणाले, "बरोबर हाय की. आपण लाईन बंद केलतीच."

"कवा?"

"गिरणीवाले अण्णा गेले त्या दिवशी."

आता हे मला मुळातून सांगायला हवं. आमच्या गल्लीत कुणी गेलं, की आवाजाची सगळी कामं थांबतात. घरोघरी माग आहेत, ते बंद होतात. पिठाची गिरणी थांबते. नळावरची भांडणंसुद्धा पुढे ढकलतात. आणि आम्ही गल्लीची केबल बंद करतो. उचलून नेईपर्यंत आणि माणसं आंघोळ करून घरी परतेपर्यंत कुणाच्याच घरात टीव्ही लागत नाही. हे कुणी ठरवलं नव्हतं. पुष्कळ वर्षांपूर्वी गल्लीतला एक तरणा माणूस गेला होता. अंगणात सगळे जमलेले, आणि समोरच्या घरात गाण्यांचा कार्यक्रम दणदणीत चाललेला. त्या दोन घरांचं बोलणं नव्हतं, त्यामुळे जाऊन सांगणार कोण? हे माणसांतून उठले, घरी आले आणि गल्लीला जाणारी लाईन ओढून टाकली. परत जाऊन आपल्या जागी बसले. पुढच्या वेळी ज्यांच्या घरी झालं त्यांनी आपण होऊन फोन केला, आणि मग तीच रीत पडली.

नातेवाइकांच्या आधी मरणाची बातमी मला कळायची. पहाटे फोन वाजला की मी रिसीव्हर उचलण्याआधीच पदर सावरायचे. "वहिनी, मामा गेले, लाईन तेवढी बघा." मागल्या आळीतून, "भाभी, अब्बा गुजर गये, लाईन बंद करो ना जरा." तेलुगू, कन्नड, उर्दू, सगळ्यांना हे पटलेलं होतं. देवळाच्या वर्गणीवरून जिथे दरवर्षी हमरीतुमरी होते, त्या गल्लीत लाईन बंद करण्याबद्दल कुणी कधी हूं की चूं केलं नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे सांगायला मी लाजत नाही.

तर गिरणीवाले अण्णा गेले, त्यांच्या पुतण्याने फोन केला, ह्यांनी लाईन बंद केली, आणि कुणीतरी सरकारकडे तक्रार केली. ग्राहकाला पूर्वसूचना न देता सेवा खंडित केली, असा तो गुन्हा. नियम असा, की लाईन मुद्दाम बंद करायची असेल तर तीन दिवस आधी ग्राहकांना कळवायचं. मी ह्यांना विचारलं, "तीन दिवस आधी कसं कळवणार? अण्णा पडून तरी होते काय? सकाळी गिरणीत बसून माझं दळण तोलून दिलं त्यांनी."

"तेच तर," हे म्हणाले. ह्यांचं सगळं आयुष्य 'तेच तर' ह्या दोन शब्दांत चाललंय.

तक्रार कुणी केली हे कागदावर नव्हतं, पण ते हुडकायला काही गुप्तहेर लागत नव्हता. गल्लीत नवं बिऱ्हाड एकच. टोकाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक नवराबायको राहायला आली होती, बाहेरगावची. नवरा टेंभुर्णीजवळ कुठल्या कारखान्यात कामाला, सकाळी जाऊन संध्याकाळी यायचा. बायको, मुलगीच म्हणायची, घरीच असायची. मी साडी बदलली आणि तडक निघाले. हे मागून म्हणाले, "अगं, भांडू नगंस." मी भांडायलाच चालले होते.

दार तिनेच उघडलं. माझ्या धाकट्या भाचीएवढी असेल. मी तोंड उघडायच्या आत तिने "काकू, या ना" म्हणून खुर्ची पुढे केली, पाणी आणलं. तिथेच माझा निम्मा जोर गेला. भांडायला गेल्यावर समोरच्याने पाणी दिलं, की फार पंचाईत होते.

"तक्रार तू केलीस काय?" मी विचारलं.

"हो, मी केली," ती म्हणाली. एवढं सरळ.

"आमच्या गल्लीत माणूस मेलं होतं, बाई."

"मला नंतर कळलं, काकू. त्या दिवशी माझा इंटरव्ह्यू होता. पुण्याच्या कंपनीचा, कॉम्प्युटरवर. शेवटची फेरी होती. मी बोलत असताना मध्येच नेट गेलं. मोबाईलवरून जोडून पाहिलं, पण आमच्या ह्या घरात रेंज धड येत नाही, आवाज तुटत होता. त्यांनी दुसऱ्या कुणालातरी घेतलं." ती जराही आवाज न चढवता बोलत होती. "तुम्हाला मी किती वेळा फोन लावला. कुणी उचलला नाही."

कोण उचलणार? मी अण्णांच्या घरी बायकांत बसले होते.

इथे मला मान्य करायला हवं की नेटचं माझ्या डोक्यातच नव्हतं. पूर्वी लाईन बंद केली तर फक्त टीव्ही जायचा. फायबर आल्यापासून वरच्या कपाटातल्या एकाच पेटीतून घरोघरी टीव्ही आणि नेट दोन्ही जातं, म्हणजे पेटी बंद केली की दोन्ही जातात. ह्यांना ते ठाऊक होतं, पण घटकाभर नेट नसलं तर काय बिघडतं, असं त्यांनाही वाटलं आणि मलाही वाटलं असतं. गल्लीत मयत असताना कुणाचं आयुष्य त्या वायरीला टांगलेलं असेल, हे कुणाच्या ध्यानात येणार?

"मला आधी सांगितलं असतं तर मी दुसरीकडे कुठेतरी जाऊन बसले असते," ती म्हणाली.

"आधी कसं सांगणार गं? मरण काय सांगून येतंय?"

"ते खरं आहे, काकू. पण मी तरी काय करायचं होतं?"

मी पाणी प्यायले आणि परत आले. ह्यांनी विचारलं, "भांडलीस?" मी म्हणाले, "न्हाय. पोरगी चांगली हाय." मग मला माझाच राग आला, कारण जाताना मी जे ठरवून गेले होते त्यातलं एक अक्षरही बोलले नव्हते. आणि त्याहून राग ह्याचा आला, की तिचं चुकलं असं मला म्हणताच येईना. आमचं चुकलं असंही म्हणता येईना. मग नोटीस नेमकी कशाबद्दल आली होती? वर आणखी एक घोळ होताच. तिची तक्रार नेटची, आणि नोटीस आली टीव्हीच्या नियमांखाली. हे कसं, ते मला कुणी अजून समजावून सांगितलेलं नाही.

सुनावणीला मी ह्यांच्याबरोबर गेले. ह्यांना एकट्याला पाठवलं असतं तर 'तेच तर' म्हणून सही करून आले असते. साहेब तरुण होते आणि तोंडाने गोड होते. मी मनाशी एक उग्र माणूस रंगवून गेले होते, त्यामुळे तिथेही माझा अंदाज फसला. त्यांनी फाईल उघडली आणि विचारलं, "काका, त्या दिवशी लाईन का बंद होती?"

"गल्लीत मयत झालती, साहेब."

"विजेचा खांब वगैरे पडला होता का?"

"न्हाय. मीच बंद केली. कुणी गेलं की आमी करतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते बहुधा कोकणातले असावेत, बोलण्यावरून वाटलं. त्यांनी दोनतीन प्रश्न विचारून सगळी रीत समजून घेतली. मधे एकदा म्हणाले, "आमच्याकडे नाही असं." मग नियमाचं पान काढलं आणि वाचलं, आणि मला जरा बरं वाटलं, कारण वाचताना त्यांच्याही कपाळाला आठ्या पडत होत्या. नियमात दोनच खाने होते. एक, ठरवून बंद ठेवलेली सेवा. तिला पूर्वसूचना हवी. दुसरा, अचानक झालेला बिघाड. त्याला पूर्वसूचना नको, फक्त तो लवकर दुरुस्त व्हायला हवा.

"काका, मरण तर अचानक होतं ना?" साहेब म्हणाले.

"व्हय."

"मग हे दुसऱ्या खान्यात बसतं. खुलाशात लिहा, तांत्रिक बिघाड झाला होता, त्याच दिवशी दुरुस्त केला. विषय संपला. मला वर तेवढंच कळवायचं आहे."

मी ह्यांच्या पायावर पाय ठेवला. म्हणजे लिहा, असा त्याचा अर्थ. एवढा शहाणा साहेब जन्मात भेटायचा नाही. ह्यांनी पाय काढून घेतला.

"बिगाड न्हवता, साहेब," हे म्हणाले.

"अहो, लिहायचं आहे फक्त."

"तसं न्हाय. बिगाड झाला म्हटलं तर अण्णांसाठी काय केलं मी? कायच न्हाय केलं. वायर तुटली म्हणून गप बसली गल्ली, असं हुतंय ते."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे बघायला लागले. तिथे पंखा होता, आणि तोही बंद होता. शेवटी साहेब म्हणाले, "मग मला हे पहिल्या खान्यात घालावं लागेल, काका. पहिली वेळ आहे म्हणून ताकीद देतो. पुन्हा झालं तर दंड, आणि नोंदणीही जाऊ शकते. तेव्हा माझ्या हातात काही नसेल." ह्यांनी नमस्कार केला. ताकीद मिळाल्यावर इतक्या आदराने नमस्कार करणारा माणूस साहेबांनीही पहिल्यांदाच पाहिला असेल.

रिक्षात आमचं भांडण झालं. आमच्या घरात भांडण कन्नडमध्ये होतं आणि समेट मराठीत, त्यामुळे रिक्षावाल्याला काही कळायला नको होतं. पण तो अक्कलकोटकडचा निघाला, आणि एका वळणावर मागे न बघता म्हणाला, "बिडरी यव्वा," म्हणजे सोडा आता, बाई. मी भांडण सोडलं. नोंदणी गेली तर काय, हा विचार मात्र माझा पिच्छा सोडेना. एक शब्द लिहिला असता तर सगळं मिटलं असतं, असं मला वाटत होतं. आणि ह्यांनी तो लिहिला असता तर मला ह्यांच्याबद्दल काय वाटलं असतं, हेही कळत नव्हतं.

घरी येऊन ह्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी एक तोड काढली. ह्यांचा विचार म्हटला की मला धडकीच भरते. टीव्हीच्या पडद्याखाली आम्ही सूचनांची पट्टी फिरवतो. पाणी उद्या येणार, लाईट जाणार, शेळी हरवली आहे, असलं सगळं. ह्यांनी त्या पट्टीवर लिहिलं: गल्लीत दुःखद घटना घडल्यास केबल व नेट सेवा काही काळ बंद राहील, ग्राहकांनी नोंद घ्यावी. ही पट्टी कायम फिरत ठेवायची, म्हणजे मरण कधीही आलं तरी पूर्वसूचना आधीच दिलेली. मी वाचलं, आणि खरं सांगते, मलाही ते फार हुशारीचं वाटलं. मीच 'कृपया' हा शब्द त्यात घातला.

पट्टी सुरू झाली आणि फोन खणखणायला लागला. "वहिनी, कोण गेलं हो?" मी म्हणायचे, कुणी नाही. "मग पट्टी कशाला फिरतीया?" मी सांगायचे, नियम आहे. "सरकारला आदी कळालंय काय कोण जानार ते?" एक बाई तर वळसंगहून आली. तिची आई आमच्या गल्लीत राहते, तिच्या शेजारणीने पट्टीबद्दल काहीतरी अर्धवट सांगितलं आणि ही रडत पहिल्या गाडीने निघाली. आई दारात लसूण सोलत बसलेली बघून ती आईलाच ओरडली. मग आई मला ओरडली.

पण खरं लागलं ते समोरच्या घराचं. तिथले आजोबा जुने विणकर, तेलुगू बोलणारे. त्यांना बरं नव्हतं. दवाखान्यातून घरी पाठवलं होतं, आणि घरी पाठवलं म्हणजे काय ते गल्लीला कळलं होतं. त्यांचा मुलगा आला आणि दारातच उभा राहिला. "वहिनी, ही पट्टी आमच्या बाबांसाठी लावली काय?"

"न्हाय रे बाबा! असं कसं करू आमी?"

"ते दिवसभर टीव्हीकडं तोंड करून पडलेले असतात. ती पट्टी वाचतात. काल मला विचारले, हे कुणाबद्दल हाय म्हणून. काय सांगू मी?"

ह्यांनी आतून सगळं ऐकलं होतं. तसेच वर गेले आणि पट्टी काढून टाकली. शेळीची पट्टी परत लावली. मला त्या मुलाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. गेलेल्या माणसाला मान द्यायचा म्हणून नोंदणी पणाला लावली, आणि जायला टेकलेल्या माणसाला आम्ही रोज त्याच्या मरणाची सूचना वाचायला लावत होतो. ह्यात कुणाचं चुकलं ते मला सांगा, मी ऐकायला तयार आहे.

पुढे काही दिवसांनी सकाळी फोन वाजला. त्याच मुलाचा. "वहिनी, बाबा गेले," एवढं म्हणून तो थांबला. नेहमीचं पुढचं वाक्य त्याने म्हटलं नाही. मीच म्हणाले, "लाईनचं..." तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. ताकिदीचं आम्हाला माहीत हाय." आणि फोन ठेवला.

हे जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते. कंट्रोल रूमचं दार उघडं होतं. मी जिन्याखाली उभी राहिले आणि म्हणाले, "आत जायचं न्हाय." नोंदणी गेली तर आपण खायचं काय, हे मी बोलले नाही, पण ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. ह्यांनी एकदा मागे बघितलं, दार ओढून घेतलं आणि खाली आले. पायात चपला घालायला लागले.

"कुटं निघालात?"

"घरोघर सांगून येतो. टीव्ही लावू नका म्हणून. सांगायला काय ताकीद हाय काय?"

ह्यांचा गुडघा दुखतो, जिने चढवत नाहीत. मीही चप्पल घातली.

पहिल्या घरी ह्यांनी दार वाजवलं, विणकर आजोबा गेले म्हणून सांगितलं आणि टीव्हीची विनंती केली. घरातली बाई म्हणाली, "काका, आमचा टीव्ही दिवाळीपास्नं बंदच हाय की. पोरं मोबाईलवर बघत्यात." दुसऱ्या घरात टीव्हीवर टॉवेलांचे गठ्ठे रचलेले होते. तिसऱ्या घरात म्हातारी एकटी, तिला रिमोटच सापडत नव्हता कित्येक दिवस. एका घरात बॉक्स आमचा होता, पण त्यावर गणपती बसवलेला. सगळे आदराने बोलत होते, "काका, तुमी कशाला जिने चढताय?" म्हणत होते. टोकाच्या इमारतीत त्या मुलीने दार उघडलं. तिच्या कानात ती आवाज ऐकायची बोंडं होती. "काकू, माझा आवाज बाहेर जाणार नाही," ती हळू म्हणाली. तिच्या मागे कॉम्प्युटरच्या पडद्यावर कुणीतरी बोलताना दिसत होतं. मी मान डोलावली.

गल्लीत कुठेही टीव्ही चालू नव्हता. आम्ही बंद न करताच सगळं गप्प होतं. हे शेवटच्या जिन्यावरून उतरताना कठडा धरून थांबले. "कुणाचाच चालू न्हवता गं," म्हणाले. मला कळेना, की ही मानाची शांतता आहे, का आता आमची लाईन कुणाला लागतच नाही. ह्यांनाही तेच कळत नसावं. मग आपण इतकी वर्षं काय बंद करत होतो, हा प्रश्न मी तोंडात आलेला गिळला. ह्यांचा चेहरा बघून मला रडू येत होतं.

तिथून आम्ही समोरच्या घरी गेलो. अंगणात माणसं जमली होती. बायकांनी मला आत जायला वाट दिली, आणि हे दर्शनाला म्हणून माझ्यामागे आले. आतल्या खोलीत आजोबांना खाली घेतलेलं होतं. उशाशी आजी बसलेल्या. आणि कोपऱ्यात टीव्ही चालू होता. तेलुगू बातम्या, बारीक आवाजात. सगळ्या गल्लीत तो एकच चालू होता. गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नसेल असं वाटून ह्यांनी पुढे होऊन रिमोट उचलला.

"उंडनी," आजी म्हणाल्या. राहू दे. मग मराठीत म्हणाल्या, "बंद नको. आवाज असू दे. गप्प घर मला सोसत नाही."

हे तसेच उभे राहिले. माझ्या मनात एकदम आलं, इतक्या वर्षांत लाईन बंद करा म्हणून जे फोन आले ते सगळे पुतण्यांचे, मुलांचे, भावांचे, शेजाऱ्यांचे. उशाशी बसलेल्या बाईचा एकही नव्हता. आणि ते फोन घेणारी मी, तिथेच जाऊन त्या बायकांशेजारी बसणारी मी, मी कधी एकीलाही विचारलं नाही, की तुला काय हवंय. अण्णांच्या बायकोलाही नाही.

अंगणातून मुलगा दाराशी आला. त्याचे डोळे सुजले होते. "काका, ते बंद करा की," तो म्हणाला. बाहेरूनही कुणीतरी म्हणालं, "अरे, टीव्ही कुणाचा चालू हाय?"

ह्यांनी आजींकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"चालूच ऱ्हाणार," मी मुलाला म्हणाले. "तुझ्या आईला पाहिजे."

ह्यांनी आवाज थोडा वाढवला आणि रिमोट आजींच्या हातात दिला.